कुणी न घेतलेली सेना

"बाई, आज छान हरलो," असं दारातूनच सांगत काका घरात यायचे. कोट खुंटीला, बूट पुसून जागेवर, आणि मग हातातली पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अशी अलगद ठेवायची की कुणाला वाटावं आत अंडी आहेत. पेटीत सैन्य असायचं. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई, प्रत्येक जण कापसात गुंडाळलेला. त्या दिवशी जे मेले असतील त्यांना काका आधी बाहेर काढायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "चला, झालं. दमलात." मग मला म्हणायचे, "चहा उरलाय का?"

उरलाय का, असंच विचारायचे. ताजा करते म्हटलं तर नको म्हणायचे. किटलीतला शेवटचा, कडू झालेला चहाच त्यांना लागायचा. ब्रेडची दोन्ही टोकंही त्यांचीच. दुकानात गेले की चेपलेले डबे उचलायचे. मला वाटायचं, स्वस्त मिळतात म्हणून घेत असतील. पण किंमत तीच असली तरी चेपलेलाच घ्यायचे. घरात मांजर होतं एका कानाचं. आणि घर तरी कसं, एका बाजूला पब आणि दुसऱ्या बाजूला शवपेट्या बनवणाऱ्याचं दुकान. ते घर कितीतरी वर्षं कुणी विकत घेत नव्हतं, तेव्हा काकांनी घेतलं.

काका माझे नात्याने कोणी नव्हते. आयुष्यभर इथं इंग्लंडात हॉस्पिटलात एक्स-रे काढून रिटायर झालेले, लग्न न केलेले, मूळचे अमरावतीकडचे. मी त्यांच्या वरच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. माझे यजमान इथं हॉटेलात स्वयंपाकी होते. ते वारले तेव्हा हॉटेलवाल्यांची खोली सोडावी लागली. मी चौथी शिकलेली, हॉस्पिटलच्या धुलाईत चादरींच्या घड्या घालणारी. खोली बघायला जायचे तर लोक इंग्रजीत काहीतरी विचारायचे, मी मान हलवायचे, आणि दार बंद व्हायचं.

मला मुळातच लाज फार. बसमध्ये घंटी दाबायचीसुद्धा लाज वाटायची. आपण दाबली की सगळे बघतील असं वाटायचं. कितीदा तरी माझा स्टॉप जाऊ दिलाय. पुढे दुसऱ्या कुणी घंटी दाबली की उतरायचं आणि मागे चालत यायचं.

अशा बाईला काकांनी खोली दिली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. काका मंडळातल्या बायकांशी काहीतरी बोलले, मग सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "खोली पाहिजे ना तुम्हाला? पानावर बसा, जेवा, मग चला." नाव नाही विचारलं, पगार नाही विचारला. पुढे एकदा मी भीतभीत विचारलं होतं, मला एवढी पटकन कशी खोली दिलीत. म्हणाले, "पाहिलं आणि ठरवलं."

ते शब्द मी फार जपले. एवढ्या गर्दीत एका शिकलेल्या माणसाने बघितलं आणि ठरवलं. माझी साडी स्वच्छ होती म्हणून असेल, मी गप्प उभी होते म्हणून असेल, काहीतरी बरं दिसलं असेल. लंडनला विमानतळाजवळ, हाउन्सलोला माझी नणंद असते. तिचा फोन यायचा, "वहिनी, इकडे ये. सुनेला दिवस राहतील आज ना उद्या, घरात बाईमाणूस हवंच आहे. तिथं परक्याच्या घरात काय करतेस?" मी दर वेळी काहीतरी कारण सांगायचे. तिच्या घरी माझी काय जागा असणार ते मला ठाऊक होतं. फोन ठेवला की मनात म्हणायचे, इथं मला निवडून घेतलंय.

आता त्या खेळाचं सांगते. दोन माणसं मोठ्या टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहतात. टेबलावर हिरवं कापड, खोट्या टेकड्या, खोटी झाडं. प्रत्येकाची आपापली सेना. टेपने इंच मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. सेना खऱ्या देशांच्या नसतात, गोष्टीतल्या असतात. लांब कानांचे परीलोकातले धनुर्धारी, दाढीवाले बुटके, हाडांचे सांगाडे, राक्षस. कुणी कुठली सेना घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि खरी अक्कल तिथंच लागते म्हणतात. काही सेना मुळातच भारी. काही अशा, की देवाने येऊन खेळलं तरी हरणार.

दर वसंतात आमच्या गावात या खेळाची मोठी स्पर्धा व्हायची, शनिवार आणि रविवार. पुरुष माणसं, चांगली कमावती, पोटं सुटलेली, काळे टी-शर्ट घालून लांबून लांबून यायची. काका दर वर्षी त्यात खेळायचे आणि दर वर्षी हरायचे. मी त्यांच्या घरी राहायला आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि हात थरथरायला लागले. शिपाई उचलायला गेले की शेजारचे चार आडवे व्हायचे. एक दिवस मला म्हणाले, "बाई, स्पर्धेला माझ्याबरोबर चला. फासे टाका, आणि पडलेले उभे करा."

मी म्हटलं, "मला नाही जमायचं. मी चौथी शिकलेय."

"फाशावर सहाच्या पुढे काही नसतं," काका म्हणाले. "चौथीत सहापर्यंत शिकवतात ना?"

गेले. रोज नेसायचे तीच साडी नेसले, वर स्वेटर, वर कोट. हॉलमध्ये पाय टाकला आणि वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. शे-दीडशे पुरुष आणि मी. दारातल्या माणसाने एक चिकटवायचा कागद आणि पेन दिलं, नाव लिहा म्हणून. मला इंग्रजीत सही येते, पण मागे रांग उभी बघून अक्षरंच सुचेनात, तेव्हा मराठीतच नाव लिहिलं आणि छातीवर लावलं. थोड्या वेळाने एक दाढीवाला वाकून वाकून ते बघायला लागला. मग दुसरा आला. काहीतरी बोलले, माना डोलावल्या. मी पदराने कागद झाकला. काकांनी हसत सांगितलं, "त्यांना वाटतंय ही परीलोकातली लिपी आहे. विचारताहेत, कुणाकडून शिकलात."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, बाईंच्या गावात सगळे अशीच लिहितात."

त्या वर्षी काकांची सेना होती हिरव्या ठेंगण्या भुतांची. दिसायला गमतीदार, नाकं लांब, पण मेली भारी भांडखोर. त्यांना पुढे न्यायच्या आधी फासा टाकावा लागे, आणि एक आला की ती शत्रू सोडून आपसातच मारामारी करत बसायची. आमच्या गावची ग्रामसभा बरी. मी फासा टाकायचे, एक यायचा, काका आनंदाने ओरडायचे, "भांडा, भांडा!" समोरचा माणूस सैन्य घेऊन शांतपणे चालत यायचा आणि आमची कापून टाकायचा. काका त्याचा हात हातात घेऊन, जशी मुलगी त्याच्याच घरी दिलीय, असे हलवत राहायचे. दिवसभरात तिन्ही खेळ हरलो. माझ्याच हाताला यश नाही असं मला वाटत होतं. मान वर करवत नव्हती.

तिथं खेळायला एक मुलगी यायची, अनुजा. पुरुषांत तेवढी एकच. तिचे आईवडील मराठी, दोघंही डॉक्टर. ती इथंच जन्मलेली, बँकेत नोकरी करणारी. जेवायच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि आपला सँडविचचा अर्धा तुकडा मला दिला. पलीकडे काका पाचसहा जणांच्या घोळक्यात काहीतरी सांगत होते आणि सगळे खो खो हसत होते. मी अनुजाला विचारलं, काय सांगतायत?

"ते ना, काकाचा रूल सांगतात," ती म्हणाली. "ॲक्च्युअली सगळ्यांना माहीत आहे. काका नेहमी जो आर्मी कोणालाच नको ना, तो घेतात. विंटरमध्ये आम्ही सगळे सांगतो, मी हा आणणार, मी तो आणणार. काका लास्टला विचारतात, कोण राहिला? जो राहिला तो त्यांचा. सो फनी! घर पण तसाच घेतला. मांजर पण तसाच."

मी हसले. ती पण हसली आणि म्हणाली, "आणि लॉजर पण! ते सांगतात, मंडळामध्ये जाऊन विचारला, कोणाला रूम नाही मिळाला, कोण राहिला. लेडीजनी तुम्हाला पॉइंट केला."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटलं मला ठाऊकच असणार. सँडविचचा तुकडा माझ्या तोंडात तसाच फिरत राहिला. पलीकडून त्या घोळक्यातल्या एकाने माझ्याकडे बघून प्रेमाने हात हलवला. मीही हलवला. चेपलेला डबा कसा हात हलवील, तसा.

दुसऱ्या दिवशीही मला जावंच लागलं. शिपाई कोण उभे करणार? खाली बघून फासे टाकले. कोण कुणाला मारतंय मला दिसलंच नाही.

सोमवारी संध्याकाळी काका स्वयंपाकघरात बसून एका भुताचं मोडलेलं नाक चिकटवत होते. मी भाकरी थापत होते. त्यांच्याकडे पाठ होती, म्हणून विचारता आलं.

"काका, मला पण तसंच घेतलंत का? कुणी घेत नव्हतं म्हणून?"

"हो," काका म्हणाले.

मला वाटलं पुढे काही बोलतील. मी भाकरी उलटली. फुगली, खाली बसली.

"कुणीतरी न्यायला नको का?" असं म्हणून त्यांनी नाकावर फुंकर मारली. मग म्हणाले, "पण निघालात चांगल्या हो." भुतांबद्दलही ते असंच म्हणाले होते, त्याच आवाजात. सेना निघाली चांगली.

त्या माणसाला आपण काय बोललो हे कळलंच नव्हतं. चिडायचं तर कशावर? खोटं तर बोलले नव्हते. मलाच माझी लाज वाटत होती, की इतके दिवस मी मनातल्या मनात मोठी होऊन बसले होते. मी जेवण झाकून ठेवून वर जायला लागले. आधी आम्ही एका टेबलावर जेवायचो, काका मला त्या दिवशीच्या लढाया सांगायचे. आता मी माझं ताट खोलीत न्यायचे. बऱ्याच आठवड्यांनी जिन्याखालून आवाज आला, "बाई, आमटीत मीठ जास्त पडायला लागलंय. तब्येत बरी आहे ना?" मी बरी आहे म्हटलं.

दिवाळीच्या सुमारास नणंदेचा फोन आला तेव्हा या वेळी कारण सांगितलं नाही. तिच्या सुनेला दिवस राहिले होते, बाळंतपण उन्हाळ्यात. "मे संपायच्या आत काय ते पक्कं सांग," ती म्हणाली, "नाहीतर मी दुसरी बाई बघते. आणि मग पुढे कधी जागा मागू नकोस हो, खोली भरलेली असेल." मी म्हटलं, विचार करते. तिच्याकडे निदान कशासाठी नेतायत ते तरी आधीच माहीत होतं.

मग थंडी आली, आणि काकांचा सेना ठरवायचा हंगाम. त्या खेळाच्या क्लबातून आले ते खूश होते. मी ओट्यापाशी होते, निघणारच होते, पण त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोण काय आणणार, सगळं त्यांना तोंडपाठ. ड्रॅगनवाल्या परीलोकाच्या सेनेवर तर यंदा उड्या पडल्या होत्या, जो तो तीच घेत होता, कारण ती हरतच नव्हती. "आणि राहिलं कोण माहितेय? पुन्हा आपलीच भुतं! सलग दुसऱ्या वर्षी कुणाला नकोत. असं कधी झालं नव्हतं." ते हात चोळत होते. "रंग उडालेत थोडे. उद्यापासून बसतो."

आणि माझ्या तोंडून गेलं, "सगळे घेतात ती का नाही घेत कधी?"

"सगळे घेतात म्हणून."

"मला एकदा तसल्या सेनेपाशी बसायचंय."

मी असं काही कुणाला मागितल्याचं मला आठवत नाही. कान गरम झाले. काकांनी टेबलावरच्या पेल्यातला ब्रश उचलला. तो त्यांनी पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला. पुसून पुसून त्याचे केस सरळ केले. मी वर गेले आणि रात्रभर पश्चात्ताप करत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते एक चकचकीत नवं खोकं घेऊन आले. आतापर्यंत त्यांच्या हातात नवं खोकं मी पाहिलं नव्हतं. ते उघडायचं कसं तेसुद्धा त्यांना धड कळेना. आत ड्रॅगन होता, तळहाताएवढा, पंख वेगळे. महिनोन्महिने त्यांनी तो रंगवला, पण भुतांशी बोलायचे तसं त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

मेमध्ये पुन्हा तो हॉल. मी मागच्या वेळचीच साडी नेसले होते. काकांनी पेटी उघडून ड्रॅगन टेबलावर ठेवला आणि आजूबाजूचे सगळे वाकून बघायला लागले. मग एकाने काहीतरी टोमणा मारला आणि हशा उसळला. काका दर वेळी सगळ्यांत मोठ्याने हसायचे. आज त्यांनी कॉलर नीट केली. पहिला खेळ आम्ही जिंकलो. दुसराही. मी फासे टाकायचे आणि पाच-सहाच पडायचे. बरं पडायची गरजही नव्हती, ड्रॅगन नुसता पुढे सरकवला तरी समोरच्याची फळी मोडायची. समोरचा हात पुढे करायचा आणि काका त्या हाताला नुसतं बोट लावायचे, जसं काही त्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतलंय. मला वाटलं होतं, हवीहवीशी सेना घेऊन बसलं की ताठ बसता येईल. पण शेजारी हा म्हातारा माणूस जिंकत होता आणि खुर्चीत लहान होत चालला होता.

रविवारी सकाळी समोर अनुजा आली. तिने पेटी उघडली, आणि आत ती हिरवी ठेंगणी लांब नाकाची भुतं.

"काका नाही घेत म्हटलं, मग मी घेतला," ती म्हणाली. "कोणीतरी घ्यायला पाहिजे ना?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

खेळ सुरू झाला. अनुजाने फासा टाकला, एक आला, तिची भुतं आपसात भांडायला लागली. ती टाळ्या पिटून हसली. काकांचा हात भांडणाऱ्यांकडे आपसूक गेला, कोण पडलंय बघायला, आणि ती आपली नाहीत हे लक्षात येऊन मागे आला. आमची पाळी आली. ड्रॅगन त्यांच्या मधोमध जाऊन बसला. मी फासे टाकले आणि एक रांगच्या रांग गेली.

"काका," अनुजा लाडाने ओरडली, "शेम ऑन यू! लाज नाही वाटत?"

"वाटते ना," काका म्हणाले. "काल सकाळपासून वाटतेय. रात्री झोप नाही."

"मग घेतला कशाला हा आर्मी?"

"बाईंना हवी होती."

काका अशा साध्या आवाजात म्हणाले, जसा कुणी बसचा नंबर विचारावा आणि त्यांनी सांगावा. माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलावर पडलेलं अनुजाचं एक भूत ते कापऱ्या बोटांनी उभं करायला बघत होते आणि शेजारची आणखी दोन आडवी होत होती. मी तिन्ही उभी केली. अनुजाची पाळी होऊन पुन्हा आमची आली.

तेवढ्यात माझ्या पर्समधला मोबाइल वाजायला लागला. सगळा हॉल बघायला लागला असं वाटून मी तो पदरात दाबला आणि दाराकडे पळाले. नणंद होती. मागे विमानाची घरघर, मग तिचा आवाज.

"वहिनी, महिना संपत आला. मी काय समजू? शनिवारी येतोय तुझा भाचा गाडी घेऊन, सामान बांधून ठेव."

"मला नाही जमायचं."

"काय नाही जमायचं? का?"

दाराच्या काचेतून आमचं टेबल दिसत होतं. अनुजा फासे पुढे करून काकांना, तुम्हीच टाका, असं खुणेने सांगत होती. काका मान हलवत होते. दाराकडे बोट दाखवत होते. ती पुन्हा म्हणाली, ते पुन्हा नाही म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून खाली मान घालून बसून राहिले. मागून जाणाऱ्या एकाने ड्रॅगनकडे बघून त्यांच्या खांद्यावर थाप मारली, तशी मान आणखी खाली गेली.

"अगं बोल ना. कुठं आहेस तू? एवढा कसला गलका?"

"खेळ चाललाय आमचा," मी म्हटलं.

"कसला खेळ? कोण आमचा?"

"नंतर सांगते. थांबलेत ते माझ्यासाठी."

फोन ठेवला तेव्हा माझा चेहरा इतका तापला होता की दारातला माणूस मला पाणी हवं का विचारायला आला. नको म्हटलं. टेबलापाशी येऊन बसले. काकांनी मान वर केली नाही.

"कोण होतं?"

"हाउन्सलोची नणंद."

"बोलावतेय?"

"हो."

काका ड्रॅगनच्या पंखावरची नसलेली धूळ बोटाने पुसत राहिले. अनुजा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"मग?" काका म्हणाले.

"आपली पाळी आहे," मी म्हटलं, आणि फासे हातात घेतले.